शाळा काय, कुठंही भरते

...आणि वरून मलेच म्हणतात, बाबा, हे सगळं तुमच्यामुळंच तर सुरू झालं! आता मी काय केलं, सांगा? मी दोर विकणारा माणूस. गुलाबराव दोरवाले म्हटलं की रायपूरच्या तात्यापाऱ्यात कोणीही बोट करून दुकान दाखवते. चाळीस वर्षं झाली, दोर, सुतळी, ताडपत्री, संपला कारभार. अशा माणसानं आपली एकुलती एक नात, सहा वर्षांची पोट्टी, पहिलीच्या भरल्या वर्गातून उठवून घरी बसवा, असं कधी म्हटलं? कोणत्या तोंडानं म्हटलं?... म्हटलं. तेच तर सांगून राहिलो तुम्हाले. याच तोंडानं म्हटलं. पण तसं नव्हतं म्हटलं हो!

तुम्हाले सांगतो, धंद्यातल्या प्रत्येक माणसाचा एक डायलॉग असते. कोणी म्हणते, 'आम्ही नफा नाही, नातं पाहतो.' कोणी म्हणते, 'माल बोलते, मी बोलत नाही,' आणि तासभर बोलते. माझा डायलॉग असा: 'सातवीत शाळा सोडली, म्हणून माणूस झालो. अरे, शाळा काय, कुठंही भरते!' एवढं म्हणायचं, मांडीवर थाप मारायची, आणि समोरचा हसेपर्यंत थांबायचं. चाळीस वर्षं खपला हा माल. बँकेचा साहेब आला, त्याले ऐकवला. पोराच्या लग्नात व्याह्यायले ऐकवला, आणि व्याही कोण, तर भिलाईचे रिटायर मास्तर! एकदा आमच्या समाजाच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता, मांडवाले ताडपत्री माझ्याकडची, म्हणून मलेही स्टेजवर बसवलं, दोन शब्द बोला म्हणाले. समोर दहावीत नव्वद-नव्वद टक्के घेतलेली लेकरं, नवे कपडे, बाजूले डोळे पुसणारे मायबाप... आणि मी काय बोललो? तेच! टाळ्या पडल्या हो. फक्त बाजूच्या खुर्चीवर बाबाराव हेडमास्तर बसले होते, त्यांनी टाळीसाठी हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवून दिले.

पण एक माणूस असं निघालं, ज्यानं हसणं-बिसणं सोडून तो डायलॉग खराच मानला. माझी सून, अपर्णा. शिकलेली पोरगी, घरी बसूनच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करते, गुणाची, तिच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही काढणार मी. मुलगा प्रशिक उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये इंजिनिअर. दिवसभर लाल लोखंड पाहते, कानात धूळ घेऊन चौबे कॉलोनीत घरी येते आणि बायको जे म्हणेल त्याले 'हव' म्हणते. हा 'हव' आम्ही छत्तीसगडकडून घेतला, भांडण मिटवाले याच्यासारखा शब्द आपल्या मराठीत नाही.

तर नात संबोधी. शाळा कुठं, तर शहराच्या पार बाहेर. मोठी बिल्डिंग, थंड हवेचे वर्ग, आणि शाळेत घोडा आहे म्हणे. घोडा! पहिलीच्या लेकराले घोडा काहून पाहिजे, मी विचारलं नाही, कारण आपण सातवी. सकाळी साडेसहाले बस, आणि रोज सकाळी सहाले पोट्टीच्या पोटात दुखते. ओवा दिला, बेंबीले हिंग लावला, दोन डॉक्टर झाले, पोटाचा फोटो काढला, पोटात काही नाही. मंग अपर्णा म्हणाली, पोटात नाही बाबा, मनात आहे, शाळा सहन होऊन नाही राहिली तिले. आणि मोबाईलवर तिले त्या बाया सापडल्या, पुण्याच्या, बंगलोरच्या, ज्या लेकरं घरीच शिकवतात. होमस्कूलिंग म्हणतात त्याले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं सगळ्यायले बसवून सांगितलं, उद्यापासून संबोधी घरीच शिकणार.

माझी बायको भीमाबाई भाकरी थापून राहिली होती. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या खाली जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, तेच वाईट असते. म्हणाली, "माझ्या आज्याले शाळेची पायरी चढू दिली नाही. माझ्या बापानं व्हरांड्यात पोत्यावर बसून बाराखडी गिरवली. आणि तुम्ही पटावर नाव चढलेली पोट्टी आपल्या हातानं काढून आणून राहिले? यांच्याकडे पाहून सांगा मले."

प्रशिकनं फोटोकडे पाहिलं, मंग फरशीकडे पाहिलं. त्याचा 'हव' सुद्धा निघेना. तेव्हा अपर्णा हळूच म्हणाली, "आई, बाबाही तर सातवीच शिकले. काय कमी आहे बाबांमध्ये?"

आणि सगळे माझ्याकडे पाहाले लागले.

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? मले माहीत होतं काय म्हणाले पाहिजे. पण सून चारचौघात म्हणते, काय कमी आहे बाबांमध्ये... छाती फुगली हो! बासष्ट वर्षांच्या माणसाची छाती रोज-रोज थोडीच फुगते? हात आपोआप मांडीवर पडला. म्हटलं, "शाळा काय, कुठंही भरते!"

भीमाबाई आत गेली. त्या दिवशी भाकरी सगळ्यायच्या चांगल्या होत्या, माझीच तेवढी करपली.

मंग सुरू झालं. अपर्णा म्हणे, बाबा, प्रत्येक घराची आपली एक फिलॉसफी असते, ती सापडावी लागते. मी म्हटलं, हरवली कधी होती? तर म्हणे तसं नाही, खूप प्रकार असतात, एक-एक करून पाहायचे, जी आपल्या घराले बसेल ती आपली. ठीक आहे. हे मले समजलं. मी म्हटलं, सुनबाई, माझ्याकडे गिऱ्हाईक येते, म्हणते दोर द्या. मी दोर काढत नाही. मी पहिले विचारतो, काय बांधायचं आहे? ट्रकवरचा माल, का म्हैस, का झोका, का मांडव? आधी बांधायचं काय ते सांगा, दोर मागून. अपर्णा म्हणाली, वा बाबा, किती छान! आणि डायरीत लिहून घेतलं. तुम्हीही लक्षात ठेवा, कारण एवढं शहाणपण दुसऱ्याले शिकवून मी स्वतः काय दिवे लावले, ते पुढं येतेच आहे.

पहिली फिलॉसफी टाइमटेबलवाली. शाळेसारखीच शाळा, पण जेवणाच्या टेबलावर. आठले प्रार्थना, सव्वाआठले गणित, नऊले हिंदी. भीमाबाई रागात होती, तरी घंटेचं काम तिच्याकडं आलं, स्टीलच्या ताटलीवर पळी हाणायची. तिनं ती अशी हाणली की वरच्या मजल्यावरचे लोक दोनदा खाली आले. चौथ्या दिवशी गणिताच्या तासात अपर्णाच्या ऑफिसचा फोन आला. ती पोरीले म्हणाली, फिंगर ऑन लिप्स, आणि आतल्या खोलीत गेली. साहेब बोलतच राहिला. चाळीस मिनिटांनी बाई बाहेर येऊन पाहतात तर विद्यार्थिनी तशीच, ओठावर बोट, डोळे घड्याळावर. अपर्णानं तिले पोटाशी धरलं आणि रडाले लागली, पोट्टी विचारते, मम्मी, अब उंगली निकालूँ? संपली पहिली.

दुसरी निसर्गवाली. या फिलॉसफीत सात वर्षांपर्यंत पुस्तक नाही, लेकरू झाडाखाली शिकते, पानं पाहते, पक्षी ऐकते. फार सुंदर. पण ही ज्या देशात निघाली तिथं रायपूरचा मे महिना नसेल! पंचेचाळीस डिग्रीत सकाळी नऊले तलावाच्या बगिच्यात माझी नात, माझी सून, सुट्टी घेतलेला माझा मुलगा, आणि लू लागू नये म्हणून तिघांच्या खिशात भीमाबाईनं घातलेला एक-एक कांदा. पक्षी? पक्ष्यायले अक्कल आहे, ते सावलीत चूप बसून होते. एक खार दिसली, ती चिप्सच्या पाकिटात तोंड घालून होती. पोट्टीले म्हटलं, जे दिसलं त्याचं चित्र काढ. तिनं बर्फगोळेवाला काढला. फार छान काढला, त्याच्या तिन्ही बाटल्यांचे रंग बरोबर! चौथ्या दिवशी प्रशिक तापानं पडला. भट्टीसमोर दहा वर्षं उभा राहिलेला माणूस निसर्गासमोर चार दिवस नाही टिकला. संपली दुसरी.

तिसरी मर्जीवाली. या फिलॉसफीत आपण होऊन काही शिकवायचंच नाही. लेकरू विचारेल, तेव्हाच सांगायचं. सगळं घर दबा धरून बसलं, पोट्टी कधी काय विचारते. अकरा दिवस झाले. अकरा दिवसांत तिनं एकच प्रश्न विचारला, रोज, दोन टाइम: दादी, खाने में क्या है? भीमाबाई म्हणे, शिकवा आता, वांग्यावर धडा घ्या. आणि बाराव्या दिवशी, जून संपत आला होता, मी चप्पल घालून निघून राहिलो होतो, पोट्टीनं मान वर केली आणि म्हणाली, आबा दुकान में दिन भर करते क्या हैं?

अपर्णा उठूनच उभी राहिली. प्रश्न आला! आणि नियम असा की प्रश्नाचं उत्तर तोंडानं द्यायचं नाही, अनुभवानं द्यायचं. प्रशिक म्हणाला, बाबा तर तिथंच शिकले. अपर्णा म्हणाली, आपली फिलॉसफी आपल्याच घरात होती, आपण उगाच बाहेर पाहून राहिलो होतो. आणि दोघं माझ्याकडे पाहून काय म्हणाले असतील? 'शाळा काय...' हो. तेच. माझाच माल मलेच परत.

आता इथून पुढचं जरा हळू सांगतो.

कारण तुम्हाले सांगतो, ते आठ महिने... जाऊ द्या. नाही, सांगतो. अकरा ते चार पोट्टी दुकानात. काथ्याच्या मोठ्या बंडलावर पोतं टाकलं की तिचं आसन तयार. मी दोर मोजायचो हातानं, कोपरापासून बोटापर्यंत एक हात, ती माझ्यामागून तोच दोर आपल्या हातानं मोजायची. माझे सहा भरले की तिचे दहा. दोन दिवस तिनं विचार केला आणि मंग म्हणाली, आबा, आपका हाथ बड़ा है न, इसलिए रस्सी छोटी हो जाती है. आता बोला! हे मले कळाले किती वर्षं लागली असतील? उरल्याचा ट्रकवाला लोकेश तिले गाठी शिकवाले लागला, ओढली की घट्ट आणि एका झटक्यात मोकळी. ती गाठ तिनं घरी जाऊन दादीच्या पदराले मारली, त्या दिवशी भीमाबाई पहिल्यांदा हसली.

आणि मराठी. हे तर कोणाच्या फिलॉसफीत नव्हतंच. आमच्याकडची लेकरं तुम्हाले माहीत आहेत, मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीत. आपण म्हणावं, बेटा जेवली का, ते म्हणते, हाँ आबा. पण दुकानात ती दिवसभर माझं बोलणं ऐके, आणि एक दिवस गिऱ्हाईक आलं, मी वर मचाणावर ताडपत्री काढून राहिलो होतो, खालून आवाज आला, "काय बांधायचं आहे?" स्वच्छ! गिऱ्हाईक सरदारजी होता, त्याले मराठीचा म माहीत नाही, पण तो हात जोडून म्हणाला, गड्डी बेटा, गड्डी, म्हणजे ट्रक. मी मचाणावरच बसून राहिलो थोडा वेळ. धूळ फार होती वर, डोळ्यात गेली.

दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा ती शाळा-शाळा खेळे. मजा पाहा, शाळेतून काढलेली पोट्टी, आणि खेळते काय, तर शाळा. ती बाई, मी विद्यार्थी. ताडपत्री कंपनीचं कॅलेंडर भिंतीवर, त्यावर रोज माझी हजेरी. रोल नंबर एक, गुलाबराव! मी म्हणायचं, हजर. मंग ती तारखेच्या चौकटीत खूण करे. एखाद्या वेळी मी गिऱ्हाईकाशी बोलत असलो तर म्हणे, आबा, बातें मत करो, क्लास चल रही है. आणि मी, ज्याच्यापुढं उरल्याचे दादा लोक भाव कमी करून मागताना अडखळतात, मी चूप.

एक दिवस भीमाबाई डबा घेऊन आली. दारातच थांबली. पोट्टी त्या बंडलावर बसून गाठ मारून राहिली होती. भीमाबाईनं डबा ठेवला, माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "बसवली न शेवटी पोत्यावर?"

गेली. मी ते पोतं काढून घडी केलेली चादर टाकली. पण बसणं तर तेच होतं न? त्या दिवसापासून हजेरी देताना माझी नजर त्या चादरीकडं जाले लागली. आणि तरी, खोटं काहून बोलू, मी काही बोललो नाही. काहून बोलू? अकराले ती येई, चारले जाई, मधले पाच तास माझे होते. बोललो असतो तर ते गेले असते.

मंग आला मार्च. अपर्णा मोबाईल घेऊन दुकानात आली. तिच्या त्या पुण्या-बंगलोरच्या बायायले माझा व्हिडिओ पाहिजे होता. आजोबा, ज्यांनी शाळेशिवाय सगळं मिळवलं. एक नवीन आई आहे म्हणे ग्रुपवर, लेकराले शाळेतून काढू का नको, ठरवून नाही राहिली, तुमचं ऐकलं की तिले हिंमत येईल. मी केस विंचरले. मागं दोरांची बंडलं रंगानं लावली. संबोधी बाजूले. अपर्णा म्हणाली, हं बाबा, करा सुरू. मी सुरू केलं, "सातवीत मी शाळा सोडली, म्हणून..." आणि हात वर गेला, आता मांडीवर पडणार, तेवढ्यात बाजूची बाई म्हणाली,

"आबा, शाळा काहून सोडली?"

काहून. माझाच शब्द, माझ्याच दुकानात शिकलेला. तुम्हाले सांगतो, चाळीस वर्षं हा डायलॉग मारून राहिलो मी, हेडमास्तरानं नाही विचारलं, व्याह्यानं नाही विचारलं, पोटच्या पोरानं नाही विचारलं. सगळे हसले. आणि ती विचारते, आपका भी पेट दुखता था क्या?

हात वरच राहिला हो.

म्हटलं, नाही बेटा. माझ्या बापाच्या पायावर वॅगनचं चाक गेलं. तो रेल्वेत वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मजूर होता. माझी माय, कलावती तिचं नाव, मले घेऊन शाळेत गेली, नाव काढाले. मी काही सोडलीबिडली नाही. मले एका दोरवाल्याकडं ठेवलं, डोक्यावर बंडल घेऊन माल पोचवाचं काम. रस्ता शाळेवरूनच होता. बरोबर हजेरीच्या वेळी मी भिंतीपाशी यायचो आणि बंडल खाली ठेवायचो. माझा रोल नंबर तेवीस. गुरुजी म्हणत, बाईस. कोणीतरी म्हणे, उपस्थित. मंग गुरुजी तेवीस गाळून चोवीस म्हणत, आणि त्या दोघांच्या मधी जेवढी जागा राहे न, तेवढ्यात मी भिंतीच्या बाहेरून म्हणायचो, उपस्थित गुरुजी. हळू. कोणाले ऐकू नाही जायचं. वर्षभर म्हटलं मी. शाळा उघडली की रोज. मंग जुलैत नवीन वर्ष लागलं, गुरुजी म्हणाले, तेईस. आणि आतून दुसऱ्याच पोराचा आवाज आला.

त्या दिवशी बंडल उचललं आणि मनात म्हटलं, जाऊ दे. शाळा काय... कुठंही भरते.

तिथला आहे हो तो डायलॉग. हसाचा नव्हताच.

अपर्णाचा मोबाईल कधी खाली गेला, मले समजलं नाही. ती माझ्या पायापाशी त्या दोराच्या ढिगावर बसली. लोकेश नायलॉन घ्याले आला होता, तो दारातूनच परत गेला. आणि पोट्टी? तिनं पेन्सिल घेतली, कॅलेंडरवर 'रोल नंबर एक' खोडलं आणि 'तेवीस' लिहिलं. विषय संपला तिच्यासाठी.

मंग मले ते आठवलं, जे चाळीस वर्षं मी दुसऱ्याले शिकवून राहिलो. गिऱ्हाईकाले पहिले विचारावं. मी म्हटलं, संबोधी, तुझ्या पोटात काहून दुखत होतं?

ती म्हणाली, "शाळेमुळं नाही दुखत होतं. बसमुळं."

अपर्णा म्हणाली, बस से?

"सबसे पीछे वाली सीट. डीज़ल की बास आती थी. एक घंटा."

झालं. ओवा, हिंग, पोटाचा फोटो, ताटलीवरची घंटा, खिशातले कांदे, अकरा दिवसांचं वांगं, तीन देशांच्या तीन फिलॉसफ्या... आणि दुखत होती बस! सहा वर्षांच्या माणसाले एकानं, एकानं तरी विचारावं का नाही? घरात इंजिनिअर, कॉम्प्युटरवाली, आणि आपण, गिऱ्हाईकाच्या मनातलं ओळखणारे गुलाबराव! ज्या शाळेत घोडा आहे तिले पाहत बसलो, बसकडं कोण पाहते?

घरी गेल्यावर भीमाबाईले सगळं सांगितलं, भिंतीचं, तेवीस नंबरचं. मले वाटलं आता रडते. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, मले काय नवीन सांगता? लग्न झाल्यापासून झोपेत 'उपस्थित गुरुजी' म्हणता तुम्ही. मी म्हटलं, मंग बोलली नाही कधी? तर म्हणे, तुम्ही एवढ्या थाटात मांडीवर थाप मारता, म्हटलं राहू द्या, माणसाले एखादी थाप पाहिजे.

एप्रिलपासून संबोधी चौबे कॉलोनीतल्याच एका छोट्या शाळेत जाते. घोडा नाही. थंड हवा नाही, पंखा आहे, तोही आवाज करते. पण घरापासून सात मिनिटं, पायी. अपर्णा म्हणाली, बाबा, शेवटी सापडली बघा आपली फिलॉसफी. काय आहे? तर म्हणे, पायी जाता आलं पाहिजे. मी म्हटलं, हव.

पहिल्या दिवशी सोडाले मीच गेलो. फाटकापाशी तिनं माझं बोट सोडलं आणि आत गेली, मागं वळून पाहिलंही नाही. पाहाले पाहिजे होतं का? नाही, चांगलंच आहे, नाही पाहिलं ते. पण मी भिंतीपाशी थांबलो. चौकीदार म्हणाला, अंकल, बच्ची तो अंदर गई, अब क्यों खड़े हो? मी म्हटलं, हाजिरी सुन के जाता हूँ. तो माझ्याकडं पाहाले लागला, मंग त्यानं आपली खुर्ची थोडी सरकवली, भिंतीजवळची सावली मले दिली. आतून नावं आली. एक, दोन, आठ, पंधरा... आणि मंग तिचं. आणि तिचा आवाज, एवढा मोठा, की दोन पोरं हसली. उपस्थित!

भिंतीच्या आतून आला तो आवाज, तुम्हाले सांगतो. आतून.

मी दुकानात आलो.

आता काय सांगू. अकरा वाजतात, मान आपोआप दाराकडं जाते. काथ्याचं ते बंडल अजून विकलं नाही, एक जण दोनदा मागाले आला, म्हटलं, हा माल दाखवाचा आहे. ट्रकवाले येतात, विचारतात, छोटी मालकिन किधर है, आणि सरदारजी तर दारातूनच ओरडते, "काय बांधायचं आहे!" त्याले वाटते हा आमच्या दुकानाचा नमस्कार आहे. दुपारी गिऱ्हाईक नसते. दोर पडलेला असते, मोजाले कोणी नाही. माझ्या हातानं सहा. बस, सहाच. दहा नाही भरत.

शाळेत जाताना आमच्या छोट्या बाईंनी ताकीद देऊन ठेवली आहे, आबा, हाजिरी रोज लगाना. तर मी लावतो. दुपारी दोन वाजले की कॅलेंडरपुढं उभा राहतो, इकडं-तिकडं पाहतो, स्वतःच म्हणतो, तेवीस, आणि स्वतःच म्हणतो, हजर. खूण करतो. रविवारी बाजार बंद, पण मी अर्धं शटर उघडतो, बाई दादीचं बोट धरून येतात, हप्त्याभराच्या खुणा तपासतात. मागल्या हप्त्यात एक दिवस उरल्याले जावं लागलं, चौकट रिकामी राहिली, तर म्हणे, अर्जी लिहिली का? अर्जी! मले दोन ओळी लिहाले लावल्या, बंडलावर बसवून. मंग शाबास म्हणाल्या, आणि अर्ध्या तासात दादीचं बोट धरून निघूनही गेल्या, डान्स क्लास होता.

म्हणजे पाहा, पट पूर्ण, हजेरी चोख, विद्यार्थी सहा दिवस वेळेवर हजर, आणि बाई? हप्त्यातून एकदा, तेही अर्धा तास! तक्रार करावी तर कोणाकडं करावी, आणि तोंड कोणतं, तेच न, ज्यानं चाळीस वर्षं सांगितलं...

शाळा काय, कुठंही भरते हो. बाई आल्या पाहिजेत.